नॅनोतंतूंची चादर भट्टीत आक्रसते, चुरडते

प्रश्न : लिथियम बॅटरीच्या ॲनोडसाठी (ऋण टोकासाठी) आम्ही पॉलिॲक्रिलोनायट्राइल, म्हणजे पॅन, आणि सिलिकॉनच्या नॅनोकणांचे तंतू इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे उच्च विद्युतदाबाने द्रावण सुईतून ओढून, काढतो आणि ती चादर भट्टीत तापवून कार्बनची करतो. पावसाळा लागल्यापासून तंतूंवर मणी दिसतात. भट्टीतून निघालेली चादर तर दर वेळी आक्रसलेली असते, बोटांत चुरडते. कुठे चुकते? – एम.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : आधी मण्यांचे बघू. पॅन पाण्यात विरघळत नाही. दमट हवेतले पाणी डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड, पॅन विरघळवणारा द्रव) ओढून घेते आणि द्रावण सुईच्या टोकाशीच गाठ धरते. इलेक्ट्रोस्पिनिंगच्या पेटीत ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवून आर्द्रता ४० टक्क्यांच्या आत आणा. सिलिकॉन आधी नुसत्या डीएमएफमध्ये तासभर सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी कण सुटे करा), मग ८ ते १० टक्के पॅन घालून ६० अंशांवर रात्रभर ढवळा. कणांच्या गुठळ्या राहिल्या तरी मणी येतातच. १५ किलोव्होल्ट, सुईपासून तंतू जमा होतात त्या पत्र्यापर्यंत १५ सेंटिमीटर अंतर, तासाला ०.५ ते १ मिलिलिटर द्रावण, इथून सुरुवात करा.

खरी मेख भट्टीत आहे. हवेतले स्थिरीकरण, म्हणजे कार्बन करण्याआधी तंतू हवेत तापवून पक्के करणे, घाईने उरकले, तर पुढचे काहीच सुधारत नाही. या टप्प्यात पॅनच्या साखळ्या जोडल्या जाऊन शिडीसारखी रचना बनते आणि बरीच उष्णता बाहेर पडते. तापमान भराभर चढवले, तर ही उष्णता साठून तंतू मऊ होतात, एकमेकांना चिकटतात. म्हणून मिनिटाला १ ते २ अंश, २५० ते २८० अंशांपर्यंत, आणि तिथे दोन तास. पांढरी चादर पिवळी, तपकिरी होत काळपट झाली पाहिजे. कोपऱ्याचा तुकडा कापून डीएमएफमध्ये टाका: विरघळला किंवा द्रावण रंगले, तर स्थिरीकरण अपुरे आहे. या वेळी हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. भट्टीचा धूर फ्यूमहूडमध्ये (वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटात) सोडल्याशिवाय ती चालूच करू नका.

आक्रसणे थांबत नाही, आवरता येते. चादरीच्या कडा ॲल्युमिनाच्या (उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकच्या) पट्ट्यांखाली दाबा, मधला भाग हवेला उघडा ठेवा. वाकडी झालेली चादर कार्बन झाल्यावर सपाट करायला गेलात, की तुटणारच. पुढे कार्बन करण्यासाठी आर्गॉन या निष्क्रिय वायूमध्ये मिनिटाला ५ अंशांनी ८०० पर्यंत न्या, तासभर ठेवा. भट्टीच्या नळीत हवा शिरत असेल, तर कार्बन जळून वजन घटते, म्हणून वजन आधी आणि नंतर टिपा.

सिलिकॉनचा मोह आवरा. सिलिकॉनची सैद्धांतिक क्षमता ग्रॅमला ३५७९ मिलिअँपिअर-तास, ग्रॅफाइटची ३७२. पण लिथियम घेताना सिलिकॉन जवळपास चौपट फुगतो. कण तंतूंबाहेर डोकावू लागले, की कार्बनचा आधार सुटतो. आधी सिलिकॉन अंतिम वजनाच्या २० टक्के ठेवून जम बसवा आणि इलेक्ट्रोलाइटमध्ये (बॅटरीतल्या आयन वाहून नेणाऱ्या द्रवात) फ्लुओरोएथिलीन कार्बोनेट हे पूरक द्रव्य १० टक्के घाला.