१६ कोअरवरून ६४ कोअरवर जावे का?
तुमच्याकडे १६ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) रायझन ९ ७९५०एक्स हा एएमडी कंपनीचा प्रोसेसर आहे आणि त्याच कंपनीचा ६४ कोअरचा थ्रेडरिपर ७९८०एक्स घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. याचे उत्तर तुमच्या कामाचा किती भाग खरोखर वाटून देता येतो, यावर अवलंबून आहे. जीन अ‍ॅमडाल या संगणक अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा दहावा हिस्सा जरी क्रमानेच करावा लागत असेल, तरी १६ कोअरवर वेग एका कोअरच्या ६.४ पट, तर ६४ कोअरवर जेमतेम ८.८ पट होतो; म्हणजे चौपट कोअर घेऊनही फायदा सुमारे ३७ टक्क्यांचाच. (सगळे कोअर एकदम राबू लागले की त्यांचा क्लॉक स्पीड, म्हणजे प्रत्येक कोअरचा काम करण्याचा वेग, उतरतो, ते वेगळेच.) त्रिमितीय रेंडरिंगला (त्रिमितीय मॉडेलवरून चित्रे तयार करण्याच्या कामाला) ही मर्यादा फारशी जाचत नाही, गेमना मात्र चांगलीच जाचते. दोनऐवजी चार मेमरी चॅनेल (मेमरीशी देवाणघेवाण करण्याचे मार्ग) आणि कितीतरी जास्त पीसीआय एक्सप्रेस लेन (ग्राफिक्स कार्डासारखी उपकरणे जोडण्याचे मार्ग) ही थ्रेडरिपरची खरी जमेची बाजू मला वाटते, त्यामुळे दिवसभर रेंडरिंग चालत असेल किंवा अनेक ग्राफिक्स कार्डे लावायची असतील, तरच तो घ्यावा. त्यासाठी मदरबोर्ड आणि रजिस्टर्ड मेमरी (सर्व्हरमध्ये वापरतात तशी वेगळ्या प्रकारची मेमरी) दोन्ही नव्याने घ्यावी लागतील. तुमच्या ७९५०एक्सच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर) मात्र बायोस, म्हणजे मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून पुढच्या पिढीचा ९९५०एक्स आहे त्याच मदरबोर्डवर बसवता येतो.