होडीला उतारा नसतो

प्रश्न : आमचं गाव खानापूर तालुक्यात. वडील सुतारकाम करायचे. १९८७ साली त्यांनी बेळगावच्या एका भंगारवाल्याकडून शिडाची लाकडी होडी विकत आणली. ती कँपातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, लिलावातली, असं ते सांगत. त्यांच्या हिशेबाच्या वहीत 'कँपातली होडी ४५० रु., टेंपो ६०' अशी नोंद आहे. होडी दुरुस्त करायची राहूनच गेली, गोठ्याच्या आढ्याला उलटी टांगलेली होती. वडील चार वर्षांपूर्वी गेले. यंदा मी ती खाली काढून रंग खरवडायला घेतला. निळ्या शिडावर आकडा आहे आणि मागच्या फळीवर जुन्या रंगाखाली पुसट इंग्रजी अक्षरं दिसतात. होडी मूळची कुठली ते कळावं म्हणून मी इंटरनेटवर फोटो टाकला. तो पाहून पुण्याच्या एका गृहस्थांचं पत्र आलं. त्यांचे वडील लष्करात होते, ऐंशीच्या दशकात बेळगावात होते, होडी त्यांची स्वतःची होती आणि बदलीच्या वेळी कुणाकडे तरी ठेवली होती, असं ते म्हणतात. त्याच आकड्याचं शीड दिसणारा जुना फोटो सोबत आहे. 'मोजणीचं प्रमाणपत्रही आहे' असं लिहिलंय, पण पाठवलेलं नाही. पंधरा दिवसांत होडी द्या, नाहीतर पोलिसांत जातो, असं शेवटी आहे. मेव्हणे म्हणतात, अक्षरं घासून टाक, शीड जाळून टाक. शिवाय बारा वर्षं ताब्यात असलं की वस्तू आपलीच होते ना? आई फार घाबरली आहे.

उत्तर : मेव्हण्यांचा सल्ला बाजूला ठेवा, आणि हातातला पॉलिश पेपरही. या घडीपासून त्या होडीचा एक कणही खरवडू नका. मागच्या फळीवरची अक्षरं ही बहुधा तुमच्याच बाजूची साक्ष आहे. तिथं लष्करी पथकाचं किंवा तिथल्या क्लबचं नाव निघालं, तर 'होडी कँपातल्या लिलावातून आली' या तुमच्या वडिलांच्या शब्दाला आधार मिळतो आणि 'ती आमच्या वडिलांची खासगी होती' हे पुण्याचं म्हणणं डळमळतं. उलट ती घासून टाकलीत, तर कोर्ट एवढंच विचारेल की लपवण्यासारखं काय होतं. पुरावा ज्याच्या हातून नाहीसा होतो, त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याची कायद्यात मुभा आहे. तुमच्या वडिलांनी चार पैसे मोजून उघडपणे आणलेली वस्तू तुम्ही चोरीच्या मालासारखी वागवू नका.

आता ते बारा वर्षांचं. आपल्या भागात शेतजमिनीच्या भांडणांमुळे हा आकडा घराघरांत पाठ झाला आहे, आणि नेमका इथंच तो लागू नाही. बारा वर्षं जमीन-घरासारख्या स्थावर मालमत्तेला. होडी ही जंगम वस्तू. तिच्यासाठी १९६३ च्या मुदत कायद्यात तीन वर्षं आहेत. ऐकायला हे तुमच्या सोयीचं वाटेल, पण ती तीन वर्षं कधीपासून मोजायची हे पाहा. वस्तू हरवली असेल, चोरीला गेली असेल किंवा कुणी अप्रामाणिकपणे लाटली असेल, तर अनुच्छेद ६८ प्रमाणे मोजणी सुरू होते ती ज्याचा हक्क आहे त्याला 'वस्तू अमक्याच्या ताब्यात आहे' हे पहिल्यांदा कळतं त्या दिवसापासून. पुण्याच्या गृहस्थांना ते तुमच्या फोटोवरून कळलं असेल, तर ते म्हणतील की आमची मुदत कालपरवा सुरू झाली. त्यामुळे जवळजवळ चाळीस वर्षं गोठ्यात टांगलेली होती, एवढ्या आधारावर तुम्ही निर्धास्त राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण याच नियमाची दुसरी बाजू तुमच्या कामाची आहे. होडी कुणाकडे गेली हे त्यांच्या वडिलांना तेव्हाच माहीत होतं का? लिलाव झाल्याचं त्यांना कळलं होतं का? कळूनही तीन वर्षांत दावा केला नसेल, तर मुदत तेव्हाच संपली, आणि त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे मुदत संपते तेव्हा हक्कच संपतो. वडिलांचा संपलेला हक्क मुलाला वारशानं मिळत नाही. म्हणून तुमच्या उत्तरात सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच हवा : होडी कोणत्या साली, कुणाकडे ठेवली आणि परत कधी मागितली?

विकत घेतली म्हणून मालकी आली, हेही पुरेसं नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. भंगारवाल्याला होडी सरकारी लिलावातून आली असेल आणि ती खरोखर सरकारी असेल, तर तुमची साखळी पक्की. कुणा अधिकाऱ्याची खासगी होडी चुकून भंगारात गेली असेल, तर साखळीची पहिलीच कडी कच्ची. अर्थात मालकानं स्वतःच्या वागण्यातून 'विका खुशाल' असा समज होऊ दिला असेल, वर्षानुवर्षं होडी दुसऱ्याच्या आवारात टाकून चौकशीही केली नसेल, तर त्याच कलमाचा अपवाद तुमच्या बाजूनं मांडता येतो.

म्हणजे या प्रकरणात होडीचा इतिहास हाच तिचा हक्कलेख आहे. शेताचा उतारा तलाठ्याकडे मिळतो, मोटारीचं आरसी बुक असतं. इंजिन नसलेल्या जुन्या शर्यतीच्या डिंगीला, म्हणजे अशा छोट्या उघड्या होडीला, तसा कागद नसतो. तुम्ही हौसेनं सुरू केलेला शोध म्हणूनच सोडायचा नाही, फक्त आता तो पद्धतशीर करायचा.

तुमच्या वर्णनावरून, निळं शीड आणि लाकडी होडी, ती एंटरप्राइज वर्गातली असावी. वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या, एकाच मापाच्या होड्या. जॅक होल्ट या इंग्लिश आरेखकानं १९५६ साली ही होडी बेतली. लांबी सुमारे ४.०४ मीटर, प्लायवूडची, घरच्या घरीसुद्धा बांधता यावी अशी. म्हणून ती जगभर पसरली आणि वीस हजारांहून जास्त बांधल्या गेल्या. आपल्याकडेही ती चांगलीच रुजली होती. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या, त्यात हा वर्ग होता. तेव्हा त्या काळात लष्करी छावणीच्या आसपास अशी होडी असणं यात नवल नाही. तुमची खरंच त्याच वर्गातली आहे का, ते शिडावरच्या 'ई' या खुणेवरून आणि टेप लावून लगेच कळेल.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुण्याच्या पत्राचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. शिडावरचा आकडा म्हणजे होडीचा आकडा, असं धरून चालता येत नाही. शीड काढून दुसऱ्या होडीला लावता येतं. क्लबात तर एकाचं शीड दुसऱ्या होडीवर चढणं नेहमीचं. म्हणून जुन्या लाकडी डिंग्यांच्या अनेक वर्गांत वर्गाचा आकडा सांगाड्याच्याच लाकडात कोरत. बॅटरी घेऊन आत वाका. तळाच्या मधोमध पुढून मागे जाणारी जाड लाकडी पट्टी असते ती, मधली, पाण्यात खाली सोडायची सरकफळी जिच्यात बसते त्या पेटीच्या बाजू, आणि मागच्या फळीची आतली बाजू, एवढं बोटांनी चाचपा. रंगाचे थर भरले असतील तरी कोरीव आकडा बोटाला लागतो. उजेड आडवा धरलात तर सावलीत दिसतोही. बांधणाऱ्याची पितळी पट्टी असेल किंवा ती काढल्याच्या स्क्रूंची भोकं असतील, तर त्यांचेही फोटो घ्या. मोजपट्टी शेजारी ठेवा आणि मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

कोरीव आकडा शिडावरच्या आकड्याशी जुळला, तर पुण्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. जुळला नाही, तर त्यांच्या फोटोतलं शीड त्यांच्या वडिलांच्या होडीवरचं असेलही, पण तुमच्या गोठ्यातली होडी तीच असं सिद्ध होत नाही. आकडा मिळाला की ब्रिटनमधल्या एंटरप्राइज वर्गाच्या संघटनेला आणि इकडे यॉटिंग असोसिएशन ऑफ इंडियाला लिहा. जुनी नोंद सापडली, तर त्यावरून बांधणीचा सुमार, बांधणारा आणि कधीकधी पहिला मालकही कळतो. ज्या प्रमाणपत्राचा पत्रात उल्लेख आहे, ते होडी वर्गाच्या मापात बसते एवढं सांगतं. त्यावरचं नाव मालकीचा चांगला पुरावा ठरू शकतं, पण ते खरेदीखत नव्हे, आणि त्या तारखेनंतर होडी विकली गेली नाही हे त्यातून कळत नाही.

तुमच्या हातात वही आहे, तिची किंमत ओळखा. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ठिकाणाहून पुढे आला, तर त्यावरचं हस्ताक्षर ज्याचं दिसतं त्याचंच, असं कोर्ट गृहीत धरू शकतं. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ९२ ते सांगतं. सुतारानं धंद्याच्या ओघात केलेली नोंद त्याच्या मृत्यूनंतर कलम २६ खाली वाचता येते. 'टेंपो ६०' हे दोन शब्द मला फार मोलाचे वाटतात. चोरून आणलेल्या वस्तूच्या भाड्याचा हिशेब कुणी असा लिहून ठेवत नाही. ते पान फाडू नका, लॅमिनेट करू नका. अख्खी वही जशी आहे तशी कपाटात ठेवा, कारण पुढची-मागची पानंच त्या पानाची तारीख सिद्ध करतील. कलम ११३ चाही आधार आहे : वस्तू ज्याच्या ताब्यात, तो मालक नाही हे दाखवण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर.

लिलावाचा माग माहितीच्या अधिकारातून काढता येईल. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. '१९८५ ते १९८७ या काळात कंडेम (निकामी) ठरवलेल्या होड्यांची यादी आणि लिलावाची नोंद' असं नेमकं मागा. भाषेचं मात्र सांभाळा. कलम ६ प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो, आणि इथली राजभाषा कन्नड आहे. मराठीत अर्ज करण्याची आपली इच्छा मला समजते, मीही याच मातीतला आहे, पण भाषेच्या मुद्द्यावर अर्ज परत आला तर नुकसान तुमचं. केंद्र सरकारच्या कार्यालयाला सरळ हिंदीत लिहा. 'इतकी जुनी रजिस्टरं नष्ट केली' असं उत्तर आलं, तरी तेही जपा. तुम्ही प्रामाणिकपणे शोधलंत, याचा तो पुरावा. एक धोकाही सांगतो : होडी सरकारी निघाली आणि लिलाव झालाच नव्हता असं दिसलं, तर सरकारला दाव्यासाठी ३० वर्षं असतात, आणि ती मोजायची पद्धतही वरचीच. तरीही शोध घ्याच, असं मी म्हणेन.

पोलिसांची भीती आईंच्या मनातून काढा. चोरीचा माल घेणं हा गुन्हा ठरायला तो चोरीचा आहे हे माहीत असणं किंवा तसं वाटायला सबळ कारण असणं आणि हेतू अप्रामाणिक असणं लागतं. वडिलांच्या कृत्याची फौजदारी जबाबदारी मुलावर येत नसते. पोलीस आलेच तर अडवू नका, वहीची झेरॉक्स दाखवा. होडी जप्त केली तर पंचनामा कन्नडमध्ये असेल, तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नका आणि प्रत मागा. होडी परत ताब्यात मिळावी म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, त्यामुळे आईंच्या नावानं अर्ज करणं सोपं.

आईंच्या नावाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर होडीत आईंचा आणि तुमच्या सगळ्या भावंडांचा वाटा आहे. उत्तर तुम्ही लिहा, पण त्यांना दाखवून. आणि निकाल लागेपर्यंत होडी विकू नका, हिडकलला किंवा कारवारला पाण्यावर नेऊ नका.

उत्तरात काय लिहाल? होडी वडिलांनी १९८७ साली पैसे देऊन घेतली, ती सुरक्षित आहे आणि तुम्ही तिच्यात बदल करणार नाही. प्रमाणपत्राची प्रत पाठवा. होडी कधी, कुणाकडे ठेवली आणि कधी मागितली ते कळवा. पुण्याच्या गृहस्थांच्या वडिलांचे वारस कोण कोण, तेही विचारा. तुम्हाला मिळालेला कोरीव आकडा मात्र आधीच सांगू नका. त्यांच्या कागदावरचा आकडा आधी येऊ दे. होडी पाहायला या, असं जरूर लिहा, दोन शेजारी हजर ठेवा. त्या गृहस्थांनाही आपल्या वडिलांचीच आठवण त्या लाकडात दिसत असेल, तेव्हा भाषा सौम्य ठेवा. होडी त्यांचीच निघाली, तर तुमचा दुरुस्तीचा खर्च आणि इतक्या वर्षांची जपणूक यावर समोरासमोर बसून तोडगा निघतो, हे मी एकाहून जास्त प्रकरणांत पाहिलंय.

उत्तर पंधरा दिवसांच्या आत, स्पीड पोस्टनं जाऊ दे. पावती वहीशेजारीच ठेवा.