हाती किती उरतं, तेच खरं भाडं

प्रश्न : हडपसर भागात ७५ लाखांचा दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने देण्यासाठी घ्यायचा विचार आहे. ५५ लाखांचं कर्ज काढावं लागेल. महिना २४ हजार भाडं सहज येईल असं बिल्डरचा माणूस म्हणतो. हप्त्याचा बराचसा भाग भाड्यातून सुटेल ना?

उत्तर : अर्धाही सुटणार नाही. आधी खरी किंमत काढा. पुण्यात पुरुष खरेदीदाराला ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वापाच लाख, आणि ३० हजार नोंदणी फी. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्कात १ टक्का वाचतो. एकूण झाले सुमारे साडेऐंशी लाख.

आता भाडं. वर्षाचे २ लाख ८८ हजार कागदावर. भाडेकरू बदलताना घर महिनाभर तरी रिकामं राहतं : २४ हजार वजा. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार धरला तर ३६ हजार. दलाली १२ हजार, रंग-नळ-गिझर १५ हजार. महापालिकेचा मिळकत कर १८ हजार धरू. हा आकडा लोक हमखास चुकतात, कारण शेजाऱ्याची पावती बघून अंदाज बांधतात. पुणे महापालिका ४० टक्क्यांची सवलत देते ती मालक स्वतः राहत असेल तर. घर भाड्याने गेलं की ती जाते.

उरले १ लाख ८३ हजार, म्हणजे महिना सव्वापंधरा हजार. गुंतवणुकीवर जेमतेम सव्वादोन टक्के. ५५ लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता बसतो ४७ हजार ७०० च्या आसपास. दरमहा ३२ हजारांवर रक्कम तुमच्या पगारातून जाणार. ती वीस वर्षं झेपणार असेल आणि किंमत वाढेल यावर तुमचा भरवसा असेल तरच पुढे जा. नुसत्या भाड्यासाठी हा व्यवहार आम्ही करू नका म्हणू.

प्राप्तिकरात मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकत कर आणि उरलेल्याच्या ३० टक्के वजावट मिळते; मेंटेनन्स, दलाली वेगळी धरता येत नाही. कर्जाचं व्याजही वजा होतं, पण नव्या करप्रणालीत त्यातून दिसणारा तोटा पगारातून वळता करता येत नाही.

आणि भाड्याचा आकडा बिल्डरकडून घेऊ नका. त्याच रस्त्यावरच्या दोन एजंटांना भाडेकरू म्हणून फोन करा, 'दोन बेडरूम केवढ्याला मिळेल?' विचारा. मालक म्हणून विचारलंत तर वेगळा आकडा ऐकाल.

प्रश्न : करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरते, असं एजंट सांगतो. बरोबर आहे का?

उत्तर : महाराष्ट्रात साफ चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा; मुदत अकरा महिने असो की अकरा दिवस. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरा फटका पुढे बसतो. नोंदणी नसताना वाद झाला तर कोणत्या अटींवर घर दिलं होतं याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे तुम्ही सिद्ध करायचं.

उलट करार नोंदलेला असेल आणि मुदत संपूनही माणूस हलत नसेल, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे करारातला मजकूर निर्णायक पुरावा ठरतो आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र चिडून पाणी किंवा वीज तोडू नका. तो गुन्हा आहे, आणि तुमची भक्कम बाजू तिथेच लंगडी होते.

आणि नोंदणी टाळून वाचतं तरी किती? २४ हजार भाडं, ७२ हजार अनामत, ११ महिने. भाडं २ लाख ६४ हजार. अनामतीवर १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं व्याज ६,६००. बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे ६७७; सातशे धरा. शहरात नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणी करणारे घरी येऊन मालक, भाडेकरू आणि साक्षीदारांचे अंगठे आधारशी जुळवून घेतात. कष्टाने काम करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे कधी कधी उमटत नाहीत. बोट धुऊन, कोरडं करून पुन्हा लावायला सांगा.

करारात लॉक-इनचे महिने (ज्या काळात करार मोडता येत नाही), नोटिशीची मुदत आणि वाढीची टक्केवारी आकड्यात लिहा. 'परस्पर संमतीने' या शब्दांवर पुढे भांडणं होतात.

प्रश्न : सोसायटी ना-हरकत दाखला आणि भाडेकरू ठेवल्याबद्दल महिना ३ हजार मागते. द्यावे का?

उत्तर : नाही. मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क. ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. १ ऑगस्ट २००१ चा शासन आदेश आहे. महापालिकेचे कर त्या हिशोबात धरायचे नाहीत. सेवा शुल्क २,५०० असेल तर २५० रुपये. लेखी पत्रात आदेशाची तारीख लिहा, तेवढीच रक्कम भरा, पावती घ्या. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या भाडेकरू-माहितीची पोच मात्र सोसायटीला आपणहून द्या.

प्रश्न : घर सोडताना अनामतीतून काय कापता येतं?

उत्तर : नासधूस कापता येते, वापराने आलेली झीज नाही. भिंतीवरचा मळकटपणा ही झीज. ड्रिलची वीस भोकं ही नासधूस. हे ठरवायला किल्ली देतानाचा पुरावा लागतो. प्रत्येक नळ उघडून, गिझर दहा मिनिटं चालवून, खिडक्यांच्या काचा आणि बेसिनखालचा पाइप दाखवत एक सलग व्हिडिओ काढा. वीज मीटरच्या आकड्याचा फोटो घ्या. पंखे, ट्यूब, किल्ल्या यांची यादी कराराला जोडून दोघांच्या सह्या घ्या. निघताना तीच यादी हातात धरून घर फिरा, शेवटचं वीजबिल त्या दिवसाच्या रीडिंगवर काढा आणि उरलेली रक्कम किल्ली घेतानाच बँकेतून पाठवा.