वाचकांचे प्रश्न : लुणी वाटेत खारट का होते?

प्रश्न : कन्हानच्या वाळूत झिरा खणला की गोडं पाणी लागतं. मग राजस्थानातली लुणी नदी मध्येच खारट का होते?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : लुणी अजमेरजवळच्या अरवलीत उगम पावते, सुमारे ४९५ किमी वाहते आणि समुद्राला न मिळता कच्छच्या रणात जिरते. तिला पाणी असतं ते पावसाळ्यातच. साधारण बालोतऱ्यापर्यंत ते गोडं, पुढे खारट. दोष उगमाचा नाही, वाटेतल्या मातीचा. तिथे पाऊस थोडा आणि बाष्पीभवन कितीतरी जास्त; जमिनीतली ओल वर चढते, पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पूर आला की ते विरघळून पात्रात उतरतात. धुऊन समुद्रात न्यायला बारमाही प्रवाह नाही, उतारही मंद. आपल्या कन्हानचे क्षार वैनगंगेतून पुढे वाहून जातात, हा मोठा फरक.

तरीही अशा पात्रात गोडं पाणी मिळू शकतं! पुराचं हलकं पाणी वाळूत मुरून खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगतं. म्हणून झिरा उथळच ठेवायचा आणि उपसा थोडा थोडा करायचा. पंप लावून जोरात ओढलं, की खालचं खारं पाणी वर येतं.