एकाच नावाच्या दोन बाटल्या

नेत्ररुग्णालयाच्या बालविभागात समुपदेशक म्हणून काम करताना पालकांचा एक प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो: चष्म्याचा नंबर वाढू नये म्हणून दररोज रात्री घालायचे थेंब मुलाला अपाय तर करणार नाहीत ना? या प्रश्नाचे उत्तर देताना मला एक कुटुंब हमखास आठवते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा तिसरीत होता. त्याचा वजा नंबर वर्षभरात दोनवरून तीनवर गेला होता आणि डॉक्टरांनी ०.०१ टक्के तीव्रतेचे ॲट्रोपिनचे थेंब लिहून दिले होते. चौथ्याच दिवशी आई आणि आजी त्याला घेऊन परत आल्या. त्याला उन्हात डोळे उघडवत नव्हते, आणि माझ्यासमोर बसून गोष्टीचे पुस्तक चाळताना तो चष्मा कपाळावर सरकवून वाचत होता, कारण चष्म्यातून जवळची अक्षरे त्याला धूसर दिसत होती. आजींनी आधीच निकाल दिला होता. त्यांचे माहेर यवतमाळकडचे. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेल्या भावाला सरकारी दवाखान्यात ॲट्रोपिनची इंजेक्शने दिलेली त्यांनी पाहिली होती. ‘‘विष उतरवायचे औषध ते. पोराच्या चांगल्या डोळ्यांत कशाला?’’ असे त्यांनी मला विचारले, आणि त्यांचा हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता.

मला खटकल्या त्या मुलाच्या डोळ्यांतल्या मोठ्या झालेल्या बाहुल्या. इतक्या मोठ्या बाहुल्या ०.०१ टक्क्याच्या थेंबाने सहसा होत नाहीत. मी घरातले औषध दाखवायला सांगितले, तेव्हा आईंनी पर्समधून दोन बाटल्या काढल्या. नाव एकच, आकारही सारखाच. पण एकीवर ०.०१ टक्के लिहिलेले होते, तर दुसरीवर १ टक्का. ही दुसरी बाटली मुलाच्या पहिल्या नंबर तपासणीच्या वेळी तीन दिवस घालायला दिलेली होती आणि तेव्हापासून फ्रिजच्या दारात तशीच राहिली होती. आई कामावरून उशिरा येत असल्याने रात्री थेंब घालण्याचे काम आजींकडे होते, आणि आजींच्या हाती शंभरपट तीव्र औषधाची बाटली लागली होती.

मुलाला लगेच डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासून सांगितले की धूसरपणा आठ-दहा दिवसांत ओसरेल, तोवर सर्व थेंब बंद ठेवावेत आणि उन्हात टोपी घालावी. आजींचा चेहरा उतरला. चूक त्यांची नव्हती. जुनी बाटली टाकून द्या, हे त्यांना त्या वेळी कुणी सांगितलेच नव्हते.

मग मी कागदावर हिशेब मांडला. विषबाधेत वापरतात त्या इंजेक्शनच्या एका ॲम्प्यूलमध्ये सामान्यतः ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असते आणि रुग्णाला अशी कितीतरी ॲम्प्यूल द्यावी लागतात, ०.०१ टक्क्याच्या एका थेंबात ते साधारण ०.००५ मिलिग्रॅम असते, म्हणजे एका ॲम्प्यूलइतके औषध होण्यासाठी सुमारे १२० थेंब लागतील. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे हलका दाबून धरला, तर घशात आणि रक्तात उतरणारे औषध आणखी कमी होते. आजींनी ती जागा स्वतःच्या डोळ्यावर चाचपून पाहिली.

आईंचा प्रश्न वेगळा होता: चष्मा सुटेल का? सुटणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले, कारण बुबुळामागचा डोळ्याचा गोल लांबत जातो म्हणून नंबर वाढतो, आणि हे थेंब ती वाढ मंदावण्यासाठी असतात, झालेली लांबी मागे घेण्यासाठी नव्हे. फायदाही सर्व मुलांना सारखा होत नाही. हाँगकाँगमध्ये ४ ते १२ वर्षांच्या ४३८ मुलांवर झालेल्या अभ्यासात, औषध नसलेले थेंब घातलेल्या मुलांचा नंबर वर्षभरात सरासरी ०.८१ ने वाढला, ०.०१ टक्क्यावरच्या मुलांचा ०.५९ ने आणि ०.०५ टक्क्यावरच्या मुलांचा ०.२७ ने, उलट अमेरिकेतल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ०.०१ टक्क्याचा उपयोग दिसलाच नाही. म्हणूनच दर सहा महिन्यांनी नंबर आणि शक्य असेल तेथे डोळ्याची लांबी मोजून, तीव्रता बदलायची का, हे डॉक्टर ठरवतात. उपचार बहुधा दोन वर्षे किंवा त्याहून अधिक चालतो, आणि मनाने एकदम थांबवला तर नंबर पुन्हा वेगाने वाढू शकतो. नंबर वाढेल या भीतीने मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देण्याचा घरगुती उपाय मात्र मी ठामपणे नाकारते. रोज दोन तास उघड्यावर खेळणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे ऐकून मुलाने पुस्तकातून पहिल्यांदा मान वर केली.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने थेंब पुन्हा सुरू झाले. आजी नवी बाटली मला दाखवायला घेऊन आल्या होत्या. तिच्यावर चिकटपट्टी लावून त्यांनी निळ्या पेनाने मोठ्या अक्षरांत ‘०.०१, रात्री’ असे लिहिले होते आणि त्याखाली बाटली उघडल्याची तारीख, कारण महिन्यानंतर ती टाकायची होती.