गुटखा सोडला तर कमी उघडणारं तोंड परत पहिल्यासारखं होतं का?

पूर्ण पहिल्यासारखं नाही होत, पण अजून आवळू नये म्हणून आजच सोडा. निपाणीत डेंटल क्लिनिकमधे कामाला आहे, रोज बघतो: तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जायला पाहिजेत, कुणाचं एकच जातं, गाल आतून पांढरे, दोरीसारखे ताठ, ठेचा राहू दे साधी आमटीपण झोंबते. ह्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, मेन कारण सुपारी, म्हणून "मी बिनतंबाखूचा पानमसाला खातो" ह्याला काय अर्थ नाही (तंबाखूच्या गावात राहून सांगतोय). तंबाखू-चुना धरायच्या जागी पडलेला पांढरा चट्टा मात्र वेगळा, तो सोडल्यावर बऱ्याचदा जातो. दोन-तीन आठवड्यात कमी नाही झाला किंवा लाल दिसला तर लगेच दाखवा, बायॉप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) लागू शकते.