पोर्टलवर नाव मोकळं दिसलं म्हणून छपाईचा सिलिंडर बनवू नका

ताई, तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. दिराबरोबर बेदाण्याच्या पॅकिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची आहे, शेड पिंपळगावला आणि ऑफिस दिंडोरी रोडला. नाव ठरलंय 'द्राक्षाई फूड्स'. एमसीएच्या, म्हणजे केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या, पोर्टलवर शोधलं तर या नावाची कंपनी सापडली नाही, डोमेनही मोकळं आहे. आता पाऊचवाला छपाईच्या सिलिंडरसाठी ॲडव्हान्स मागतोय. देऊ का?

नका देऊ. सिलिंडर रंगागणिक वेगळा लागतो आणि त्यावर कोरलेलं नाव नंतर खोडता येत नाही.

मी हे शहाणपण पैसे मोजून घेतलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी नाशकातल्या अंबडला गाळा भाड्याने घेऊन आम्ही मसाले सुरू केले. भागीदारी फर्म, नाव आजीवरून ठेवलेलं. शॉप ॲक्ट झाला, व्हॅटचा नंबर आला, बँकेत चालू खातं उघडलं, सगळ्या कागदांवर तेच नाव. सरकारने इतक्या ठिकाणी शिक्के मारले म्हणजे नाव आपलंच, असं आम्ही धरून चाललो. दीड वर्षाने परराज्यातून वकिलाची नोटीस आली. त्यांचा ट्रेडमार्क आमच्या कितीतरी आधीचा आणि माल तोच, मसाले. भांडण्यात अर्थ नव्हता. माळ्यावर छापील खोकी पडून होती, म्हणून नव्या नावाचे स्टिकर छापले आणि रात्री जेवणं उरकली की हॉलमध्ये पेपर अंथरून आई, बायको आणि मी ते चिकटवत बसायचो. स्टिकर पांढरा आणि खालचं नाव लाल, उजेडात धरलं की आजी पुन्हा दिसायची. शालिमारच्या एका दुकानदाराने नखाने कोपरा उचकटून विचारलं, "काय हो, जुना माल खपवताय का?" त्या प्रश्नाला आजही माझ्याकडे धड उत्तर नाही.

शॉप ॲक्ट, उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी), जीएसटी यांपैकी कुणीही नाव दुसऱ्याचं आहे का हे बघत नाही. ते धंद्याची नोंद करतात, एवढंच. नाव खरोखर तपासलं जातं ते कंपनी नोंदवताना, आणि तिथेही प्रश्न एवढाच असतो की या नावाची किंवा याच्यासारख्या नावाची कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) वा ट्रेडमार्क आधीपासून आहे का. नाव मंजूर झालं म्हणजे त्याची मालकी मिळाली, असं होत नाही.

आता तुमचा शोध. तुम्ही 'द्राक्षाई' इंग्रजीत एकाच पद्धतीने टाकून बघितलंय, हे तुमच्या स्क्रीनशॉटवरून दिसतंय. मराठी नावांची हीच मेख असते. 'क्ष'साठी कुणी के-एस-एच लिहितं, कुणी नुसतं के-एस, कुणी एक्स. 'द्रा'मध्ये एक ए की दोन? शेवटी ए-आय, ए-ए-आय की ए-ई? तुमच्या नावात 'व' नाही हे नशीब, नाहीतर व्ही की डब्ल्यू हा आणखी एक फाटा फुटला असता. पोर्टलला दिसतात ती अक्षरं, पण नाव तपासणारा माणूस ते उच्चारून बघतो. म्हणून कागदावर सगळी स्पेलिंगं मांडा आणि एकेक करून शोधा. 'फूड्स' टाकू नका, नुसता मुख्य शब्द टाका. मग त्याचा अर्धा तुकडा टाकून बघा.

कंपनी नोंदणीच्या २०१४च्या नियमांत नियम ८ आहे. कोणत्या फरकाला फरक मानायचं नाही, ते त्यात दिलंय. एकवचन-अनेकवचन, शब्दांमधली मोकळी जागा, स्वल्पविराम-टिंबं, शब्दांची उलटापालट, उच्चार तोच ठेवून बदललेलं स्पेलिंग, मागे लावलेलं डॉट कॉम, यातल्या कशानेही नाव वेगळं ठरत नाही. हिंदी किंवा इंग्रजीत केलेलं संपूर्ण भाषांतरही चालत नाही. आणि आपल्याकडच्या लोकांनी खास लक्षात ठेवावं असं म्हणजे गावाचं नाव. कोइमतूरला कुणाची 'द्राक्षाई फूड्स' असेल, तर 'द्राक्षाई फूड्स नाशिक' करून सुटका होत नाही. दिरांनी अंकशास्त्रवाल्याकडून जादाचा एक ए आणलाय म्हणता. त्या ए-ने धंद्याला बरकत यायची तर येवो, नाव काही वेगळं होत नाही.

शोधात जुनी, बंद पडलेली कंपनी निघाली तर "ती तर मेलीये" म्हणून पुढे जाऊ नका. कंपन्यांच्या रजिस्ट्रारने कंपनी कायद्याच्या कलम २४८खाली यादीतून काढलेल्या कंपनीचं नाव राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून २० वर्षं दुसऱ्याला मिळत नाही. लोक इथे हमखास फसतात.

खरं काम ट्रेडमार्कचं आहे. आयपी इंडिया या ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या साइटवर पब्लिक सर्च फुकट आहे. त्यात वर्डमार्कबरोबर (शब्द टाकून शोध) फोनेटिकचा, म्हणजे उच्चारावरून शोधायचा, पर्याय आहे, तो जरूर वापरा, तुमच्या स्पेलिंगच्या घोळावर तोच उतारा आहे. माल आणि सेवांप्रमाणे ट्रेडमार्कचे एकूण ४५ वर्ग. बेदाणे २९मध्ये, ताजी द्राक्षं ३१मध्ये, द्राक्षाचा ज्यूस ३२मध्ये, वाइन ३३मध्ये, दुकानदारी आणि विक्रीसेवा ३५मध्ये. तुम्ही २९ बघाल आणि खूश व्हाल, पण नाशकात 'द्राक्ष' म्हटलं की वाइनवालेही आलेच, तेव्हा हे पाचही वर्ग बघा. शेजारच्या वर्गातला, तशाच मालाचा मार्कही आडवा येऊ शकतो. निकालात 'ऑब्जेक्टेड' दिसलं तर अर्ज मेला असं समजू नका. रजिस्ट्रीने शंका काढलीय, अर्ज जिवंत आहे. नुसता अर्ज केलेला मार्कसुद्धा, मालकाची संमती नसेल तर, कंपनीच्या नावाला नडतो.

आणि समजा, हे सगळं नजरेतून सुटलं आणि कंपनी झाली. तरी ट्रेडमार्कचा मालक कंपनी कायद्याच्या कलम १६खाली तीन वर्षांपर्यंत अर्ज करू शकतो. रिजनल डायरेक्टरने (कंपनी मंत्रालयाचा विभागीय अधिकारी) आदेश दिला की तीन महिन्यांत नाव बदलायचं. नाही बदललं तर १ सप्टेंबर २०२१पासून असा नियम आहे की कंपनीला 'ओआरडीएनसी', वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा ओळख क्रमांक (सीआयएन) असं नाव बहाल होतं. 'ऑर्डर ऑफ रिजनल डायरेक्टर नॉट कम्प्लाइड'ची ही आद्याक्षरं. हे नाव बेदाण्याच्या पाकिटावर कसं दिसेल बघा.

कुठेच नोंद नसलेलं नावसुद्धा बाजारात चालू असू शकतं, आणि आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क कायदा मानतो. हा शोध संगणकावर होत नाही. बेदाण्याचा मोठा बाजार तासगाव-सांगलीला आहे, तिथल्या सौद्यात कुणी ओळखीचं असेल तर त्यांना पेट्यांवरची नावं बघायला सांगा. पिंपळगावच्या खोकेवाल्यांना विचारा, कुणाची खोकी काय नावाने छापतात ते त्यांना पाठ असतं. मॅप, इन्स्टाग्राम आणि ऑनलाइन विक्रीच्या साइटवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिपींत शोधा.

तुमचं दुसऱ्या पसंतीचं नाव, 'नाशिक प्रीमियम बेदाणे', मला अजिबात पसंत नाही. गाव, प्रत आणि माल, तिन्ही वर्णनच. असल्या नावाला ट्रेडमार्क मिळणं अवघड, आणि मिळालाच तरी शेजारच्याला 'नाशिकचे बेदाणे' लिहिण्यापासून कोण अडवणार? 'द्राक्षाई' त्यामानाने बरं आहे, घडवलेला शब्द आहे. दुसरं नावही असंच घडवा. पाटी मराठीत लावणं आपल्याकडे सक्तीचं आहे, त्यामुळे देवनागरीत ते कसं वाचलं जातं हेही बघून घ्या.

मग अर्ज. स्पाइस प्लस या कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मचा भाग अ, फी १००० रुपये, पसंतीक्रमाने दोन नावं. तो हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रात तपासला जातो. शंका निघाली तर सुधारून पाठवायची संधी एकदाच मिळते, १५ दिवसांत. मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात, आणखी १००० भरून ४० दिवसांपर्यंत वाढवता येतं. म्हणून दिरांची डिजिटल सही, ऑफिसचं लाइट बिल आणि जागामालकाचं संमतीपत्र हातात आल्याशिवाय नाव राखून ठेवू नका. जागामालक गावाला गेलाय म्हणून मंजूर नाव सुटलेलं मी पाहिलंय.

ट्रेडमार्कचा अर्ज 'वापरणार आहे' या तत्त्वावर आधीच करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असाल तर ऑनलाइन फी एका वर्गाला ४५०० रुपये, इतरांना ९०००. मात्र कंपनी अजून झालेली नाही, तेव्हा अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे घरात बसून नीट बोला. दिरांच्या एकट्याच्या नावाने केला तर मार्क दिरांचा, कंपनीचा नाही. नंतर तो लेखी करून कंपनीकडे वळवावा लागतो. नात्यात हे बोलायला जड जातं हे कळतं, पण सीए-समोर बसून बोललात तर सोपं जाईल.

तोवर माल थांबवायची गरज नाही. साधे पारदर्शक पाऊच घ्या आणि वर कागदी लेबल लावा, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर आणि पत्त्यासह. लेबलं पाचशेच छापा. पाऊचवाल्याला सांगा, कंपनीचं प्रमाणपत्र आल्यावर सिलिंडर. त्याला घाई असते, कारण त्याच्या बाजूने नाव कधीच चुकत नाही.

शोधात काय निघालं ते वर्गानुसार इथे टाका, शंका असलेले दोन-तीन मार्क मीही बघून देतो.